दोन लिप्यांचा कॅटलॉग: प्रकल्प नोंदी

६ मे

आजपासून रोजच्या रोज लिहून ठेवते, नाहीतर महिन्याभरानं कुठला निर्णय कशासाठी घेतला ते आठवणार नाही.

नागपूरच्या आमच्या वाचनालयात मराठी, हिंदी आणि उर्दू पुस्तकं शेजारशेजारच्या कपाटांत आहेत, पण दाखल नोंदवह्या दोन. देवनागरीतली एक, उर्दूतली दुसरी. उर्दूची वही आपल्या हिशेबानं मागच्या पुठ्ठ्याकडून उघडते. वाचक निम्मे इतवारीकडचे, निम्मे मोमिनपुऱ्यातले. दोन्ही वह्यांचा मिळून एकच कॅटलॉग करायचा आणि त्यातूनच पुस्तकांची लेबलं छापायची, असं ठरलंय. टायपिंगला कॉलेजची दोन मुलं, उर्दू तपासायला कामठीचे एक निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना मास्टरसाहेब म्हणतात, मीही तेच म्हणते. जुळवाजुळव आणि प्रोग्रामिंग माझ्याकडे.

१३ मे

पहिली चाळीस लेबलं साध्या कागदावर काढून पाहिली. लेबलावर एकच ओळ आहे: दाखल अंक, शीर्षक, लेखक, वर्ष, मध्ये स्वल्पविराम. मराठी-हिंदीची सगळी बरोबर आली, उर्दूची निम्मी बिघडली.

त्यातलं एक समोर ठेवून लिहिते. फाइलमध्ये क्रम असा होता: १२४, उर्दू शीर्षक, उर्दूत लेखकाचं नाव, शेवटी १९६२. कागदावर डावीकडून पाहिलं तर १२४, त्याला चिकटून १९६२, मग लेखक, आणि शीर्षक पार उजव्या टोकाला. दाखल अंकाशेजारी चार आकडी दुसरा अंक बघून कोणीही गोंधळेल.

ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, "हे असं काऊन होऊन राहिलं जी? भरताना तर बरोबर दिसत होतं." खरंच दिसत होतं. वेगवेगळ्या रकान्यांत सगळं जागच्या जागी असतं, चार रकाने एका ओळीत जोडले की विस्कटतं.

१५ मे

दोन दिवस फॉन्ट बदलून पाहिले, प्रिंटर बदलून पाहिला. काही फरक नाही. शेवटी बिघडलेली आणि न बिघडलेली लेबलं टेबलावर दोन ढिगांत मांडली, तेव्हा दिसलं की बिघडलेला सगळा ढीग एकाच मुलानं टाइप केलेला. तो आकडे इंग्रजीत टाकतो, दुसरा देवनागरीत.

तो बिचारा घाबरला. त्याला सांगितलं, तुझी चूक नाही, दोन्ही आकडे बरोबरच आहेत. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत, त्यांना वेगवेगळं वागवते, एवढंच.

१६ मे

आज फळ्यावर सगळ्यांना समजावलं. ते इथे नीट उतरवून ठेवते, कारण पुढचं सगळं काम याच्यावर उभं आहे.

संगणकात मजकूर वाचण्याच्या क्रमानं साठवलेला असतो. उर्दू शब्दाचं पहिलं अक्षर फाइलमध्येही पहिलंच असतं. ते पडद्यावर उजवीकडे ठेवायचं, हे दाखवण्याच्या वेळी ठरतं. ते ठरवणारे नियम युनिकोडच्या नवव्या परिशिष्टात आहेत, आणि त्यांना प्रत्येक चिन्हाचा दिशेचा वर्ग लागतो. देवनागरी अक्षर पक्कं डावीकडून उजवीकडे. उर्दू अक्षर पक्कं उजवीकडून डावीकडे. स्वल्पविराम आणि मोकळी जागा यांना स्वतःची दिशा नाही, आजूबाजूला जी असेल ती घेतात. इंग्रजी आकडे मधल्या वर्गातले, कच्चे: आकड्यांचा आपसातला क्रम डावीकडून उजवीकडेच राहतो, पण अख्खी संख्या कुठे बसायची ते शेजारी ठरवतात.

देवनागरी आकडे मात्र कच्चे नाहीत. ० ते ९ हे आपले दहाही आकडे युनिकोडनं क, ख, ग यांच्याच पक्क्या वर्गात घातलेत.

म्हणून उर्दू नावानंतर इंग्रजी आकड्यांत १९६२ आलं की ते उर्दूच्या ओघात ओढलं जातं. शीर्षक, लेखक, वर्ष अशी एकच उजवीकडून चालणारी रांग होते आणि वर्ष डाव्या टोकाला, म्हणजे दाखल अंकाला चिकटून येतं. तेच वर्ष देवनागरी आकड्यांत असलं तर ते रांगेत शिरत नाही, ओळीच्या शेवटी आपल्या जागी थांबतं.

मास्टरसाहेबांनी चांगल्या ढिगातलं एक लेबल उचललं. "बेटा, हेही बरोबर नाही. यात लेखक डावीकडे आहे, शीर्षक उजवीकडे. उर्दू वाचणाऱ्याला चालते, पण बाकी सगळ्या लेबलांवर शीर्षक आधी आहे ना?" मला उर्दू वाचता येत नाही, त्यामुळे ते दिसलंच नव्हतं. न बिघडलेला ढीगही बिघडलेलाच होता. वर्ष जागेवर होतं म्हणून आम्हाला तो चांगला वाटला.

फळ्यावर त्यांनी खडूनं एकच बाण काढला, उजवीकडून डावीकडे, आणि म्हणाले, "हा बाण कुठे थांबवायचा ते तू मशीनला सांगितलं नाहीस." यापेक्षा नेमकं मला कधी सांगता आलं नसतं.

२१ मे

बाण थांबवण्यासाठीच दिशेची अदृश्य चिन्हं आहेत. त्यांना रुंदी नाही, छापल्यावर दिसत नाहीत, पण फाइलमध्ये बाकीच्या अक्षरांसारखीच जागा घेतात आणि त्यांना सांकेतिक क्रमांक असतो (तो सोळाच्या पायावर लिहितात, म्हणून त्यात ए ते एफ ही अक्षरंही येतात). सगळ्यात साधी दोन: २००ई म्हणजे लेफ्ट-टू-राइट मार्क, २००एफ म्हणजे राइट-टू-लेफ्ट मार्क. पहिलं म्हणजे न दिसणारं देवनागरी अक्षर समजावं, दुसरं न दिसणारं हिब्रू अक्षर. यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येकी तीन बाइट: ई२ ८० ८ई आणि ई२ ८० ८एफ.

प्रत्येक उर्दू रकान्याच्या शेवटी, स्वल्पविरामाच्या आधी, एक २००ई टाकला. आता स्वल्पविरामाच्या एका बाजूला उर्दू आणि दुसऱ्या बाजूला देवनागरी (न दिसणारं का असेना), म्हणून तो ओळीची मूळ दिशा घेतो. बाण तिथेच थांबतो. १२४ चं लेबल पुन्हा काढलं: १२४, शीर्षक, लेखक, १९६२. इंग्रजी आकडे ठेवूनही.

हे लेबल नोंदवहीत चिकटवलं.

२२ मे

२००ई चालतो, पण तो टाकायला विसरलं की संपलं. अधिक पक्का उपाय आवरणाचा. २०६६, २०६७, २०६८ ही तीन उघडणारी चिन्हं आणि २०६९ हे बंद करणारं. त्यांच्या आत जे असेल त्याचा बाहेरच्या दिशेवर परिणाम होत नाही, बाहेरचा आत होत नाही. २०६६ आत डावीकडून उजवीकडे लावतं, २०६७ उजवीकडून डावीकडे, आणि २०६८ आतलं पहिलं पक्कं अक्षर बघून स्वतः ठरवतं.

याआधीही आत-बाहेर करणारी चिन्हं होती, २०२ए आणि २०२बी, बंद करायला २०२सी. ती युनिकोडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांपासून आहेत. पण त्यांनी वेढलेला भाग बाहेरच्यांना एका पक्क्या अक्षरासारखा वाटतो आणि शेजारचे आकडे, विरामचिन्हं ओढतोच. म्हणून २०१३ मध्ये युनिकोड ६.३ मध्ये ही नवी आवरणं आली.

आमची अडचण अशी की लेबल छापायचा प्रोग्राम त्याच्याही आधीचा आहे. २०६८ दिला की तो चौकोन छापतो. तेव्हा ठरलं: लेबलांसाठी २००ई, बाकी सगळीकडे आवरण. वेबपानावर यातलं काहीच घालायचं नाही. तिथे एचटीएमएलचा बीडीआय टॅग आणि डीआयआर हा गुणधर्म तेच काम उघडपणे करतात, आणि पुढच्या माणसाला ते वाचताही येतात. जिथे टॅग लावायला जागाच नाही, म्हणजे साधी फाइल, एसएमएस, फाइलचं नाव, तिथेच अदृश्य चिन्हांची खरी गरज असते.

२४ मे

शोध घेताना उर्दूची काही पुस्तकं सापडत नाहीत. पडद्यावर शीर्षक हुबेहूब तेच. दोन्ही नोंदींचे बाइट मोजले तर एकीत तीन जास्त. शेवटी ई२ ८० ८एफ. कुठून तरी कॉपी करताना एक उजवं चिन्ह शेपटीसारखं चिकटून आलेलं. डोळ्याला फरक नाही, संगणकाला दोन वेगळी पुस्तकं.

अदृश्य चिन्हं पुसणारा छोटा प्रोग्राम आज रात्री चालवते.

२५ मे

कालचा प्रोग्राम चुकला. सगळा तपशील लिहिते.

मी २००बी ते २००एफ हा पाचही क्रमांकांचा पट्टा सरसकट पुसला. त्यात शेवटची दोन दिशेची चिन्हं आहेत, हे बरोबर. पण त्यांच्या आधीचे दोन शेजारी, २००सी आणि २००डी, दिशेचे नाहीत. ते आपले आहेत. २००डी जोडणारा, २००सी तोडणारा.

सकाळी मॅडमनी पडद्यावर बोट ठेवलं. "शेतकऱ्यांसाठी"चं "शेतकर्यांसाठी" झालेलं. जुन्या टायपिंगमध्ये हा अर्धा र म्हणजे र, हलन्त आणि त्यामागे २००डी असा लिहिलेला होता. २००डी गेला, आणि रला पुढच्या यवर रफार होऊन चढण्याशिवाय मार्ग उरला नाही. "वाङ्मय"मधला २००सी गेला, आता त्यात ङ आणि म कसे दिसतील ते फॉन्टच्या मर्जीवर. एका पाककृतीच्या पुस्तकाच्या उपशीर्षकात "आचाऱ्यांसाठी" होतं, ते "आचार्यांसाठी" झालं. हा शुद्धलेखनाचा प्रश्न राहिला नाही, स्वयंपाक करणारा माणूस जाऊन तिथे गुरू येऊन बसला.

परवाची प्रत होती, ती परत चढवली. मधल्या दिवसाचं टायपिंग मुलांनी कुरकूर न करता पुन्हा केलं.

ठरवलं ते असं. दिशेवर परिणाम करणारी चिन्हं युनिकोडमध्ये मोजून बारा आहेत: ०६१सी, २००ई, २००एफ, २०२ए ते २०२ई, २०६६ ते २०६९. शोधासाठी जी वेगळी प्रत बनते, तिच्यातून फक्त हीच बारा काढायची. पुसण्यासाठी मूळ नोंदीला हात लावायचा नाही. आणि मराठीतला प्रत्येक जुना अर्धा र बदलून नुक्त्याच्या ऱ नं, म्हणजे ०९३१ नं लिहायचा. मग त्याला अदृश्य चिन्हाची गरजच पडत नाही, आणि उद्या कोणी माझ्यासारखा पट्टा पुसला तरी शेतकरी शेतकरीच राहील.

२ जून

नवतपा संपला म्हणतात, कूलर मात्र तसाच घरघरतोय. कॅटलॉगचं काम आज थांबलं, कारण दारावरच्या फलकाचा उर्दू मजकूर तातडीनं हवा होता.

फलकावर वाचनालयाचा दूरध्वनी आहे, नागपूरचा कोड ०७१२, मग लहान रेघ, मग सात अंकी क्रमांक. उर्दू परिच्छेदात तो उलटला: सात अंक डावीकडे, रेघ, आणि ०७१२ उजवीकडे. कारण शोधलं. इंग्रजी आकड्यांच्या आधी उर्दू अक्षर असलं की नियम त्यांना अरबी आकड्यांच्या वर्गात ढकलतो. त्या वर्गात दोन संख्यांना जोडून ठेवण्याची सोय तिरप्या रेघेला आहे, स्वल्पविरामाला आहे, आडव्या रेघेला नाही. आडवी रेघ मोकळी सुटते आणि उर्दूची दिशा घेते. हिब्रूत असंच लिहिलं तर संख्या सुटत नाही, तिथे हा वर्ग बदलण्याचा नियम लागू होत नाही.

क्रमांकाभोवती २०६६ आणि २०६९ घातले, सरळ झाला.

त्याच फलकावर नागपूरच्या महत्त्वाच्या दिवसांची यादी होती. दीक्षाभूमीचा दिवस १४-१०-१९५६ असा दिलेला, तोही उर्दूत उलटा दिसत होता: डावीकडून १९५६, १०, १४. मी लगेच त्यालाही आवरण घालायला निघाले. मास्टरसाहेबांनी थांबवलं.

"हे उलटं नाही बेटा. मी उजवीकडून वाचतो. चौदा, दहा, छप्पन. बरोबर तर आहे."

"मग फोन का चुकीचा होता?"

"फोन कोणी वाचत नाही, फोन लावतात. तो सगळीकडे डावीकडूनच लावतात."

तारखेला हात लावला नाही. मला जे उलटं दिसतं ते उलटंच असेल असं नाही, हे उर्दू येणाऱ्या माणसाशिवाय कळलं नसतं. कुठलाही प्रोग्राम हे सांगू शकत नाही, कारण तारखेला आणि फोनला तो एकाच वर्गाचे आकडे म्हणून बघतो.

९ जून

कंस. एका मुलानं उर्दू शीर्षकांतले "भाग दुसरा" वगैरेंचे कंस "दुरुस्त" केले. उघडणाऱ्याच्या जागी बंद होणारा टाकला, कारण त्याला ते उलटे वाटले. कंसाचं चिन्ह डावं-उजवं नसतं, उघडणारं आणि बंद करणारं असतं. उजवीकडून चालणाऱ्या मजकुरात ते आपोआप आरशासारखं फिरतं. सगळे परत फिरवले. सूचना भिंतीवर लावली.

१७ जून

२०६८ वर मी फार भरवसा ठेवला होता. आतलं पहिलं पक्कं अक्षर बघून दिशा ठरवतं म्हटल्यावर वाटलं, भाषा कुठलीही असो, एकच चिन्ह पुरेल.

उर्दूच्या वार्षिक अंकांची शीर्षकं वर्षानं सुरू होतात. ज्या मुलानं इंग्रजी आकड्यांत टाइप केली, त्याची बरोबर आली: इंग्रजी आकडा पक्का नसल्यामुळे २०६८ त्याला ओलांडून पहिल्या उर्दू अक्षरापर्यंत जातं. देवनागरी आकड्यांत टाइप केलेली बिघडली. आपला १ पक्का, म्हणून पहिल्याच आकड्यावर निर्णय झाला, अख्खं उर्दू शीर्षक डावीकडून उजवीकडे मांडलं गेलं आणि शेवटचं उद्गारचिन्ह भलत्या टोकाला गेलं. मे महिन्यात हेच देवनागरी आकडे ओळ वाचवत होते, आता तेच मोडतात.

आपल्याकडे प्रत्येक पुस्तकाच्या भाषेचा रकाना आहे. ती माहिती असताना यंत्राला अंदाज करू देणं बरोबर नाही. भाषा उर्दू असेल तर २०६७, नाहीतर २०६६. २०६८ फक्त वाचकांच्या अभिप्रायासाठी, जिथे कोण कुठल्या लिपीत लिहील हे आधी कळत नाही.

उर्दू शीर्षकात उर्दू आकडेच का नकोत, असं मॅडमनी विचारलं. रास्त प्रश्न. मास्टरसाहेब म्हणाले, जुन्या पुस्तकांवर जे छापलंय तेच ठेवा. तसंच ठेवतोय: मुखपृष्ठावर असतील ते आकडे. टाइप करणाऱ्याच्या सवयीनं आकडे बदलायचे नाहीत.

२४ जून

पाऊस आला. लेबलांचा कागद ओल धरतोय, गठ्ठा कपाटात हलवला.

जुन्या संगणकावरून आलेल्या एका यादीत उर्दू शीर्षकं उलट्या क्रमानं टाइप केलेली सापडली, शेवटचं अक्षर आधी. त्या वेळच्या प्रोग्रामला उर्दूची दिशा कळत नसावी, म्हणून टाइप करणाऱ्यानं डोळ्याला बरोबर दिसेल असं लिहिलं. मुलानं सुचवलं की दिशा जबरदस्तीनं फिरवणारं चिन्ह टाकलं तर पाच मिनिटांत काम होईल. २०२डी आणि २०२ई ही ती चिन्हं. आतल्या प्रत्येक अक्षराचा स्वतःचा वर्ग बाजूला ठेवून ती एकच दिशा लादतात.

मी नाही म्हणाले. दिसायला नीट होईल, शोधायला कायमचं चुकीचं राहील. शिवाय या चिन्हांनी माणसाला एक दाखवून यंत्राला दुसरंच वाचायला देता येतं. केंब्रिजच्या निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी २०२१ मध्ये ट्रोजन सोर्स या नावानं हेच दाखवलं होतं: प्रोग्रामच्या टिपणीत दिशेची चिन्हं लपवली की तपासणाऱ्याला ओळीत दिसणारा अक्षरांचा क्रम आणि कंपायलर (प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा) वाचतो तो क्रम वेगळे होतात. आमच्या कॅटलॉगमध्ये २०२डी आणि २०२ई ला पूर्ण बंदी. नोंदीत आली तर नोंद स्वीकारली जात नाही.

शीर्षकं मास्टरसाहेबांनी बघून, आम्ही अक्षरं खरोखर उलटवून घेतली. तीन दुपारी गेल्या.

३ जुलै

उर्दूची सगळी लेबलं छापून झाली. मास्टरसाहेब आणि मी समोरासमोर बसून तपासली. ते शीर्षक मोठ्यानं वाचायचे, मी अंक आणि वर्ष वहीत बघायचे. दाखल अंकाशेजारी वर्ष एकदाही आलं नाही.

एक लेबल त्यांनी बाजूला ठेवलं. उद्गारचिन्ह शीर्षकाच्या उजवीकडे, म्हणजे उर्दूच्या हिशेबानं सुरुवातीला छापलेलं. शीर्षकाच्या शेवटी ते चिन्ह आहे आणि लगेच मी टाकलेला २००ई, म्हणून ते ओळीच्या दिशेला गेलं. त्याच्यामागे, २००ई च्या आधी, एक २००एफ हवा. उद्गारचिन्हानं किंवा इंग्रजी प्रश्नचिन्हानं संपणारी उर्दू शीर्षकं शोधली, एकोणीस निघाली. दुरुस्ती केली, ती एकोणीस उद्या पुन्हा छापायची. डिंक आणायचा आहे.